पोळ्यातला अध्यक्ष

मदनसिंग, तू जऊळक्याले मामाकडं गेल्ता ना? बरं झालं. नाईतर तुलेबी मायासारखं तोंड लपवा लागलं असतं. आयक.

आपला शालिग्रामभाऊ पार्टीच्या निवडणुकीत उकंडराव पाटलासमोर पडला, तवापासून आपलं एकच चालू हाये ना, भाऊ तालुक्याचा अध्यक्ष झाला असता त काय झालं असतं. अर्धं गाव त्याले शिव्या देते, म्हणते हा वावरं वाटून टाकीन. आपण त्याच्यापायी मारामाऱ्या केल्या लेका! मंग म्या यंदा पोळ्यात बैलाईसमोर गायाची टोमण्याची झडतीच त्याच्यावर जोडली. पोळ्यात झडतीचा राग पाटीलबी धरत नाई.

गावाबाहेर आखरावर, तोरणासमोर सगळ्याईच्या बैलजोड्या उभ्या. पयले पाटलाची, मानाची, मखरवाली. मंग शालिग्रामभाऊची. साऱ्याईच्या मांगं पुंजाजीबुवा, भाऊचंच वावर बटईनं करते तो. वाजंत्री थांबली न् म्या गळा काढला,

शालिग्राम झाला अध्यक्ष, फडकला लाल बावटा,
पाटलाच्या मखरानं धरल्या मांगच्या वाटा,
पुंजाजीची जोडी पुढं, काय तिचा थाट मोठा!

हर हर महादेव म्हणून सारं आखर हासलं गड्या. पाटीलबी हासला. अन् काय केलं त्यानं, आपली जोडी सोताच बाजूले घेतली.

"चला, आज शालिग्राम अध्यक्ष," म्हणे. "त्यानं सांगावं, तोरणातून पयले कोण जाते."

लोकाईनं पुंजाजीबुवाले वाटबी करून देल्ली. बुवानं बैलाची झूल नीट केली. मले वाटलं आता झालं, आता आपल्या रिठदात कधी झालं नाई ते होते!

भाऊनं बुवाकडं पाह्यलं. मंग खाली पाह्यलं.

"सभेतली गोष्ट येगळी," हळूच म्हणे. "हे देवाधर्माचं हाये."

अन् कासरा वढून आपलीच जोडी काढली पुढं. पाटलाच्याबी पयले!

पाटील मायाकडं पाहून म्हणे, "अध्यक्ष झाला असता त असाच झाला असता, पोरा."

शेवटी पुंजाजीबुवा निंगाला तोरणातून, तवा वाजंत्रीवाले बिड्या पेटवून राह्यले होते.

संध्याकाळी बुवा बैल घेऊन आमच्या दारात आला. मायनं बैलाच्या पायावर पाणी घातलं, पुरणपोळी चारली. मी खांबामांगं उभा. त्यानं पाह्यलंच मले.

"झडती चांगली होती बाबू," म्हणे. "पुढल्या साली मायं नाव नोको घेजो."