माझा धूसर पट्टा

मी एक जुनी तबकडी आहे. पसरलेल्या पंजाएवढी, मध्ये भोक, एका अंगाला चित्र आणि दुसरे अंग चकचकीत. माझ्यात संगणकावरचा एक खेळ भरलेला आहे. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, आता म्हातारपणी खुशाल पडून राहावे. पण मला स्वस्थ पडवत नाही. एक प्रश्न माझ्या मनात सारखा फिरतो आहे: जिच्यात एकही दोष उरलेला नाही, ती वस्तू खोटी कशी ठरते?

हे नीट सांगायचे तर जन्मापासून सांगायला हवे.

वितळलेले स्वच्छ प्लास्टिक साच्यात दाबून कारखान्याने मला घडवले. साच्यावरच्या उंचवट्यांमुळे माझ्या अंगावर खड्ड्यांच्या रांगा उमटल्या. इतक्या बारीक, की तुमच्या एका केसाच्या जाडीत चाळीसेक रांगा मावतील. त्यावर ॲल्युमिनियमचा पातळ थर, त्यावर रोगण, त्यावर चित्र. सगळे झाल्यावर मात्र मला आणखी एका यंत्राखाली नेले आणि माझ्या गुळगुळीत अंगावर, बाहेरच्या काठाजवळ, एक अरुंद गोल पट्टा मुद्दाम धूसर करून टाकला. स्वच्छ आरशावर कुणी ओला अंगठा फिरवावा, तसा.

मला फार वाईट वाटले. कारण नंतर समजले. लोक खेळांच्या नकला करून वाटत असत, म्हणून बनवणाऱ्यांनी हा पहारा बसवला होता. खेळ सुरू होण्याआधी संगणक मला विचारणार, 'धूसर पट्ट्याखाली काय लिहिले आहे ते वाचून दाखव.' आणि त्याचे बरोबर उत्तर एकच: 'वाचता येत नाही.' माझी नक्कल केली तर नव्या तबकडीवर पट्टा नसणार. ती भाबडी घडाघडा वाचून दाखवणार आणि तिथेच पकडली जाणार. म्हणजे माझ्या अंगावरचा डाग हीच माझी ओळख होती.

या पहाऱ्याला बाहेरच्या कुणाची गरज नव्हती. तार नको, सिग्नल नको, दूरच्या कंपनीची परवानगी नको. मी संगणकाच्या कप्प्यात बसले की पुरे. म्हणूनच मी जिथे पोचले तिथे माझे फार कौतुक झाले. ते वाळवंटातले खाणींचे गाव, आणि उकाड्यामुळे तिथली घरे जमिनीखाली होती.

फोतिनीने मला दूरच्या ॲडलेड शहरातल्या दुकानातून रीतसर विकत आणले. ती आपल्या खाणीतले ओपल, म्हणजे आत रंग खेळणारे मौल्यवान खडे, विकते. तिचे वडील अनेस्तिस ओपल कापतात आणि घासून चमकवतात. तरुणपणी ग्रीसहून खाणीवर आले आणि इथलेच झाले. टेकडीत कोरलेल्या त्यांच्या घरात वर कितीही ऊन तापले तरी गारवा असतो, आणि रेडिओ लावला तर नुसती खरखर ऐकू येते.

माझ्यातला खेळ नद्यांचा होता. काठाने गाव वसवायचे, कालवे काढायचे, गिरण्या चालवायच्या, मुखाशी बंदर बांधायचे. आमच्या गावात नदी नाही. पाऊस आला तर लोक हातातले काम टाकून बघायला वर येतात. अशा गावात हा खेळ वेड्यासारखा पसरला. दर जानेवारीत, म्हणजे तिथल्या ऐन उन्हाळ्यात, वर उभे राहवत नाही अशा उकाड्यात, गावच्या क्लबच्या भुयारी दालनात सामने होत. ज्याने त्याने आपला संगणक, आपली तबकडी आणि खायचा एक पदार्थ आणायचा. वायरींनी संगणक एकमेकांना जोडले की सगळ्यांच्या नद्या एकाच समुद्राला मिळत.

पण ओपलच्या गावात धूळ चुकत नाही. माझ्या अंगावर ओरखडे पडू लागले. मध्यापासून काठाकडे गेलेला ओरखडा मी सोसू शकते. तो दर फेरीत क्षणभरच आडवा येतो, आणि हरवलेली अक्षरे आजूबाजूच्या अक्षरांवरून जुळवता येतात. रांगेच्या दिशेने गोल गेलेला ओरखडा मात्र ओळच्या ओळ गिळतो. आणि फोतिनी मला शर्टाच्या टोकाने नेमके गोल गोल पुसायची.

"बाबा, बंदराशी गेलं की गाण्याला उचकी लागते," ती जेवताना म्हणाली.

"म्हातारी झाली तुझी तबकडी. माझ्यासारखी. माझंही आता अडखळतं."

"तुमचं कुठे अडखळतं? तुम्ही तर बोलायचं थांबतच नाही."

अनेस्तिस हसले, पण त्यांनी ते मनावर घेतले. सामन्याच्या आदल्या दिवशी फोतिनी खाणीवर गेल्यावर त्यांनी मला कप्प्यातून काढले आणि दिव्याखाली तिरके धरले. माझ्यावर रंग खेळू लागले. ओपलच्या पोटात अतिसूक्ष्म गोळ्यांच्या सारख्या अंतराच्या रांगा असतात, माझ्यात खड्ड्यांच्या. प्रकाश दोन्हीकडे सारखाच फुटतो. त्यांना मी दगडच वाटले असेन. दगड घासायचे चाक सावकाश ठेवून, पाणी भरपूर सोडून त्यांनी एकेक ओरखडा घालवला. मला इतके हलके वाटले! मग त्यांची नजर काठाकडे गेली.

"हा कसला डाग ठेवलाय?" ते पुटपुटले. "आणि असला माल विकतात! मी असा खडा दिला असता तर लोकांनी तोंडावर फेकला असता."

मला ओरडता आले नाही. चाक फिरत राहिले आणि पट्टा विरत गेला. शेवटी त्यांनी मला कापडावर ठेवले तेव्हा माझ्यावर कसलीच खूण नव्हती. माझ्या जन्मात मी इतकी सुंदर कधी दिसले नव्हते, आणि इतकी घाबरलेलीही कधी नव्हते.

दुसऱ्या दिवशी क्लबचे दालन भरले. फोतिनी आदल्या वर्षीची विजेती, म्हणून तिचा पडदा सगळ्यांना दिसेल असा भिंतीवर टाकला होता. मागच्या बाकावर लॉरिमर बसला होता. हा ॲडलेडचा ओपल खरेदीदार. दुसऱ्या सकाळी तो फोतिनीचा वर्षभराचा माल बघणार होता आणि आज सहज मजा बघायला आला होता.

मी कप्प्यात गेले. संगणकाने विचारले, 'पट्ट्याखाली काय आहे?' आणि मित्रांनो, मी वाचून दाखवले. मला वाचता येत होते, मी काय करणार? तिथे काहीच नव्हते. शून्य, शून्य, शून्य, शून्य.

भिंतीवर मोठी अक्षरे उमटली: 'ही नक्कल आहे. मूळ तबकडी घाला.'

मग झ्वोन्को ओरडला. हा फोतिनीच्या शेजारच्या खाणीचा मालक, थट्टेखोर आणि तिचा सामन्यातला जुना वैरी. "अगं फोतिनी! नकली माल विकायला लागलीस की काय?"

दालन हसले. लॉरिमर हसला नाही. त्याने हातातली बशी बाकावर ठेवली.

आमच्या गावात 'नकली' हा शब्द चेष्टेत वापरत नाहीत. काळ्या दगडावर ओपलचा पातळ पापुद्रा चिकटवून अख्खा खडा म्हणून विकणारे असतात. एकदा कुणाच्या नावाला तो शब्द चिकटला की खरेदीदार त्याच्या दारावरून गाडी पुढे नेतो. फोतिनीने आपले नाव कमवायला सगळी उमर घातली होती, आणि ते आता भिंतीवर माझ्यामुळे लोंबकळत होते.

"मी दुकानातून आणली आहे," ती म्हणाली. तिने मला काढून पुसले, पुन्हा घातले. पुन्हा तीच अक्षरे.

"दिसते तर खरी," कुणीतरी म्हणाले.

"हल्ली नकलाही खऱ्यासारख्या दिसतात," दुसरे कुणी.

"झ्वोन्को, तुझी तबकडी दाखव जरा," अनेस्तिस म्हणाले. त्यांनी ती दिव्याकडे तिरकी धरली. काठाजवळ धूसर पट्टा होता. "हा... हा डाग तुझ्याही तबकडीवर आहे?"

"डाग कसला, तीच तर खूण आहे! ती दिसली नाही की संगणक नक्कल म्हणतो. खोक्यावर लिहिलंय, पट्टा घासू नका म्हणून."

"मी घासला," अनेस्तिस म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले. "तिला माहीत नाही. मला वाटलं, पोरीला चांगली करून द्यावी."

हायसे वाटून सगळे एकदम बोलू लागले. झ्वोन्कोचा चेहरा उतरला होता. तो पुढे आला. "एवढंच ना? काका, माझी नमुन्याला घ्या. चाकावर हुबेहूब तसा पट्टा मारून आणा, आम्ही थांबतो. तुमच्या हाताला काय अवघड आहे?"

"लगेच आणतो," म्हणत अनेस्तिस उठले.

आणि मी! मी कप्प्यात अक्षरशः तडफडत होते. हो म्हण, फोतिनी, हो म्हण. माझा डाग मला परत दे.

"बसा, बाबा," फोतिनी म्हणाली.

"अगं, तबकडी खरीच आहे ना?"

"तबकडी खरी आहे. पट्टा खोटा असेल." तिने मागे वळून पाहिले नाही, पण ती कुणासाठी बोलते आहे ते सगळ्यांना कळले. "खरेपणाची खूण आमच्या घरात हातानं बनवता येते, हे मी आज सगळ्यांना दाखवू? आणि उद्या माझे खडे समोर ठेवून म्हणू, विश्वास ठेवा?"

"फोतिनी, मी गंमत केली गं," झ्वोन्को म्हणाला.

"माहीत आहे रे. पण इथली गंमत जिना चढून वर गेली की तिची बातमी होते."

तिने मला काढले, खिशात ठेवले आणि इतरांसाठी कॉफी करायला गेली. त्या वर्षी समुद्राला तिची नदी मिळाली नाही.

सकाळी लॉरिमर आला. एरवी चार खडे उचलून बाकीचे तसेच घेणारा हा माणूस. त्या दिवशी त्याने प्रत्येक खडा भिंगाखाली धरला, कडेने पाहिला, जोड दिसतो का ते शोधले. फोतिनी हाताची घडी घालून बसली होती. मी तिच्याच खिशात होते. तिचे काळीज किती जोरात उडत होते ते मला ठाऊक आहे.

शेवटचा खडा ठेवून तो म्हणाला, "काल तुझ्या बाबांनी तो पट्टा मारून आणला असता ना, तर मी सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या असत्या. आणि आज उजाडताच गाडी काढली असती."

"मग?"

"मग काय? सगळे घेतो. कॉफी कालचीच आहे का?"

तिचे नाव तिला परत मिळाले. माझे मिळाले नाही. फोतिनीने बदली तबकडी मागायला खेळ बनवणाऱ्या कंपनीला दोनदा फोन लावला. कंपनी बंद झाली होती. पहारा बसवणारे निघून गेले होते, आणि पहारा मात्र माझ्या दारात तसाच उभा होता.

पुढे दुसऱ्या कुणीतरी तो खेळ नव्याने काढला. त्याला तबकडी लागत नाही, पण दर वेळी दूरच्या संगणकाला विचारावे लागते, आणि आमच्या भुयारात ती हाक बाहेर पोचत नाही. झ्वोन्को संगणक काखेत मारून भर उन्हात टेकडीवर चढायचा.

"काय झ्वोन्को, मिळाली का परवानगी?" फोतिनी खालून विचारायची.

"विचारतोय अजून! घामानं अक्षरंही दिसेनात!"

कंटाळून त्याने आपली जुनी तबकडी फोतिनीला देऊन टाकली, मनातली टोचणी मिटावी म्हणूनही. आता फोतिनीच्या संगणकात खेळ माझ्यातून उतरलेला आहे आणि दाराशी ओळख देते ती दुसरीच. ती डागाळलेली आहे, ओरखडलेली आहे. तिला आत घेतात. मी अनेस्तिस यांच्या कामाच्या खोलीत भिंतीला टेकून उभी आहे आणि आत येणारा प्रत्येक जण मला किती सुंदर म्हणतो.

मित्रांनो, माझ्या काही विनंत्या आहेत. तबकडी पुसायची तर मध्यापासून काठाकडे पुसा, आणि जो डाग तुम्हाला कळत नाही, तो कुणाचा आहे ते विचारल्याशिवाय काढू नका. तुमच्यातले काही जण उद्या असे खेळ बनवतील. त्यांनी कुलूप जरूर लावावे. पण त्यांचे दुकान बंद होईल त्या दिवशी दार उघडे ठेवून जावे. आत कुणीतरी नदी अर्धी सोडून गेलेले असते.

काल अनेस्तिस यांच्या हातात एक नवा खडा आला. काठाला राखाडी रेघ होती. त्यांनी चाक सुरू केले, खडा जवळ नेला आणि एकदम मागे घेतला.

"पोरी," त्यांनी आत हाक मारली, "ही रेघ असू देऊ का?"