परत भेटलेली

सुदानच्या यादवी युद्धात डॉक्टर इद्रिस दोन वर्षं लष्करी सर्जन होते. आता ते शारजातल्या अल मजाज भागात मुलीकडे राहत. एका सकाळी सुरमई कापताना शेजारच्या कोकणी मैमुनाबींचा तळहात खोल चिरला. अॅम्ब्युलन्स येईपर्यंत डॉक्टरांनी जखम घट्ट दाबून धरली.

संध्याकाळी मैमुनाबी सांदणं घेऊन आल्या. "सहा टाके पडले. हात वाचला," त्या मोडक्यातोडक्या अरबीत म्हणाल्या.

डॉक्टरांचे डोळे भरून आले.

"काय झालं?"

"तिथे युद्धात जखम शिवली की माणसाला लगेच ट्रकमधून पुढे पाठवायचे. तो जगला का, कधीच कळायचं नाही. परत येऊन भेटलेल्या तुम्ही पहिल्याच."

मैमुनाबी त्यांच्यासमोर बसल्या. "कोण कोण होते ते? मला सांगा."