आठ दिवसांत चार किलो

रविवारी राइस मिल बंद असायची, पण त्या रविवारी तुमसरच्या त्या मिलच्या आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. धान तोलायच्या मोठ्या काट्यावर एकेक कबड्डीपटू चढत होता आणि काट्याशी बसलेला तुलाराम आकडा ओरडत होता.

"छप्पन."

हाच पोरगा आठ दिवसांपूर्वी बावन्न भरला होता. लोकांनी टाळ्या पिटल्या. एका म्हातारीनं तर पुढं होऊन काट्यालाच कुंकू लावलं.

काट्याशेजारी बलवर्धन महाराज उभे होते. अंगात भगवी बंडी, पायात कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात रुद्राक्षांच्या जोडीला शिट्टी. "आम्ही नुसते साधू नव्हे," ते सांगत होते, "खेळाडूंचे आहारगुरू. अंडी, डाळी, दूध हे सगळं गाढवाचं ओझं आहे. शक्ती मंत्रात असते. मंत्र भस्मात, भस्म पोटात आणि पोट काट्यावर. काटा काय म्हणतो ते तुम्हीच ऐका."

धंदा वाढवायची त्यांची रीत साधी होती. पहिल्या गावच्या कबड्डी मंडळाला त्यांनी भस्म फुकट दिलं. ते मंडळ मोहाडीचे सामने जिंकलं. दरवर्षीच जिंकायचं, पण यंदा त्याचा फोटो महाराजांच्या झोळीतून पुढच्या गावी गेला. पोरगा जिंकला तर भस्माचा प्रताप, हरला तर पोरानं पथ्य मोडलं. चित भी मेरी, पट भी मेरी. अशानं वर्षभरात सोळा मंडळं त्यांच्या पायाशी आली. ज्यांना तरीही शंका होती त्यांच्यासाठी तुलारामचा काटा होता. वीस वर्षं धान तोलणाऱ्या या माणसाच्या आकड्यात खोट नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून महाराजांनी नेमका तोच काटा निवडला.

तुलारामला त्याचं काही वाटत नव्हतं. खरं तर बायको गेल्यापासून त्याला कशाचंच काही वाटत नव्हतं. उन्हाळ्यात सीताबाईला हगवण लागली. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात न्यायला त्यानं तिला उचललं, तर ती इतकी हलकी लागली की सवयीनं त्यानं मनातल्या मनात तिचं वजन केलं. त्याची त्याला लाज वाटली. पुढं तीही वाटेनाशी झाली. उठायचं, जेवायचं, मिलमध्ये जायचं, आकडा दिसला की ओरडायचा.

त्याचा मुलगा खुशाल विशीतला, मंडळाचा कोपरारक्षक. पंधरवड्यावर जिल्ह्याच्या चमूची निवड होती. चमूत नाव आलं तर पोराचं काही होईल, ही एकच आशा त्या घरात उरली होती. खुशालनं भस्माचा एक फेरा केला होता आणि निवडीआधी महाराजांनी दुसरा सांगितला. फेऱ्याची सुरुवात 'शुद्धी'नं व्हायची. दोन दिवस जुलाब, अन्न बंद, पाणी घोटभर. मग पहिलं वजन. त्यानंतर आठ दिवस पोटभर भात आणि भस्म घातलेलं खारट सरबत, लोटेच्या लोटे. मग दुसरं वजन.

बुधवारी दुपारी तुलाराम जेवायला घरी आला, तर खुशाल भिंतीला टेकून बसलेला.

"बा, डोकं गरगरून राहिलं."

"पानी पे मंग."

"महाराज नाही म्हनते. शुद्धी तुटते."

त्याचे ओठ पांढरे पडले होते. तुलारामनं त्याच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. सीताबाईची अशीच उभी राहिली होती, तेव्हा नर्स म्हणाली होती, अंगातलं पाणी गेलं. तुलारामला भीती वाटली. पाच महिन्यांत पहिल्यांदा काही वाटलं, आणि तेही हेच. त्यानं पेजेत मीठ घातलं आणि संध्याकाळपर्यंत पोराला घोट घोट पाजत बसला.

दुसऱ्या दिवशी भय्याजी शेतकऱ्याचं धान काट्यावर आलं. तुलारामनं पोत्यात कोपरापर्यंत हात घातला आणि तळातला एक दाणा दाताखाली धरला. दाणा कट् करून तुटला नाही, चपटा झाला.

"भय्याजी, पानी मारलं का?"

"दव पडलं असंल ना गा."

तुलारामचा हात पोत्यातच राहिला. ओलं धान जड भरतं, हे इथं शेंबडं पोरही सांगेल. पोत्यात हात घातल्याशिवाय आकडा न सांगणारा तो माणूस, पोरांच्या पोटात काय आहे हे न विचारता आकडे ओरडत बसला होता.

पुढच्या रविवारी गर्दी जमली तेव्हा काट्यावर आधीच एक पोतं होतं. "साठ," तुलाराम म्हणाला. मग त्यानं बादलीभर पाणी पोत्यावर हळूहळू ओतलं. "अडुसष्ट. याले कोनं भस्म देल्लं?"

लोक हसले. महाराज हसले नाहीत. "पोत्यात आत्मा नसतो."

"मंग मले तोला." तुलाराम काट्यावर चढला. एक्कावन्न. खाली उतरून तो दोन मोठे लोटे पाणी प्यायला आणि पुन्हा चढला. त्रेपन्न. "दोन किलो झालो. पैलवान दिसून राहिलो का?"

महाराज म्हणाले, मंत्राची परीक्षा घेणं पाप आहे.

"मी घेतो पाप. या पोराइले जुलाब न देता आज तोला, आठ दिवसानं भस्म देऊन तोला. चार किलो आले त मी हा काटा तुमच्या पायावर ठेवतो."

महाराजांना एकाएकी साकोलीची बस आठवली. ते निघाले तशी पोरांनी त्यांची झोळी उलटी केली, तर भस्म म्हणजे चुलीतली राख, मीठ आणि गूळ निघालं.

तुलाराम काट्याशी तसाच उभा राहिला. आवाज चढवायची त्याला गरज वाटली नाही. "आकडा खरा होता. मीच ओरडलो, म्हनून तुमी मानलं. बावन्नचा पोरगा पयले छप्पनचाच होता. चार किलो पानी जुलाबानं काढलं आन तेच परत भरलं. लबाडी काट्यावर चढाच्या आधी झाली. कोनी आकडा दाखवला त टाळी वाजवाच्या आधी इचारा, याच्याआधी काय केलं. धानाले इचारता, मानसाले काहून नाही?"

म्हातारीनं पदरानं काट्यावरचं कुंकू पुसलं.

खुशालची निवड झाली नाही. त्या दिवशी मैदानावर त्याचे पाय लटपटत होते. महाराज म्हणे साकोलीकडं आता स्वतःचाच काटा घेऊन फिरतात.

महिनाभर पेज, भात, डाळ आणि रोज दोन अंडी खाऊन खुशाल एक दिवस आपणहून काट्यावर चढला. "किती, बा?"

अर्धा किलो वाढला होता. सांगण्याआधी तुलारामनं त्याच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लगेच खाली बसली.