गुरुवारच्या एकोणीस, मंगळवारच्या आठ

मी एक जुना मोबाइल आहे, मित्रांनो, आणि सध्या पुलावरच्या चौकीत एका लोखंडी कपाटात पडून आहे. माझी काच तीन ठिकाणी तडकली आहे. त्यातली एक चीर माझ्या मालकिणीच्या हातून पडली, बाकीच्या दोन इथल्या. माझी गोष्ट काही गोड नाही, पण तुम्ही ती ऐकावी असे मला मनापासून वाटते.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथे माझ्यासारखी हजारो भावंडे पट्ट्यावरून सरकत होती, त्यामुळे माझे कौतुक वगैरे काही झाले नाही. मंडालेतल्या एका नव्या नवरीने मला काही महिने वापरले आणि कंटाळून विकून टाकले. मग मला सिथूने घेतले. तो मोटारसायकली दुरुस्त करायचा. तेलकट हातांनीच त्याने मला घरी नेले आणि आईच्या मांडीवर ठेवले. त्याची आई दॉ म्या सेन बाजारात लाफे विकायची, म्हणजे चहाची आंबवलेली पाने आणि त्यावर तळलेले शेंगदाणे, लसूण, तीळ. तिने मला लुंगीच्या टोकाने पुसले आणि डोळे बारीक करून पाहिले.

"एवढी चित्रं कशाला रे यात? माझं डोकं फिरेल."

"थांब अमे, तुझ्या टोपलीसारखा नीट लावून देतो," सिथू म्हणाला. आईला तो अमे म्हणायचा.

नवरीचे खेळ, तिचे नटण्याचे अ‍ॅप, गाणी, सगळे त्याने नजरेआड केले. बाहेर उरले फोन, टॉर्च, भिक्षूंची प्रवचने आणि कॅल्क्युलेटर. शेजारणी मला हातात घेऊन म्हणायच्या, "म्या सेन, तुझ्या घरापेक्षा तुझा फोन नीटनेटका आहे गं!" मला फार अभिमान वाटायचा. ते माझे सुखाचे दिवस होते.

पुढे लष्कराने देशाची सत्ता बळकावली आणि पुलावर सैनिकांची चौकी बसली. ते येणाऱ्या-जाणाऱ्याचे फोन उघडून पाहू लागले. कुणाच्या फोनमध्ये लष्कराविरुद्धचा एखादा फोटो सापडला की तो माणूस त्या दिवशी घरी परतत नसे. सिथूच्या वयाची मुले एकेक करून त्यांच्याशी लढायला जंगलात निघून गेली, आणि एका सकाळी सिथूही निघाला. जाण्याआधी त्याने माझ्यात एक चोरदार केले. वरून पाहिले तर तो कॅल्क्युलेटर दिसायचा, पण त्यात ठरलेला आकडा टाकला की आतली खोली उघडायची. खोलीत एकच अ‍ॅप होते, मायलेकांना बोलण्यासाठी, आणि सिथूचे तीन फोटो.

"आकडा कोणता ठेवू अमे? तुझ्या लक्षात राहील असा सांग."

"आपले वार ठेव. ते मी मेले तरी विसरणार नाही."

दॉ म्या सेन गुरुवारी जन्मलेली, सिथू मंगळवारी. दर पौर्णिमेला ती पॅगोड्यात गुरुवारच्या कोपऱ्यात एकोणीस मेणबत्त्या लावायची आणि मंगळवारच्या कोपऱ्यात आठ. आमच्याकडे प्रत्येक जन्मवाराचा एक प्राणी आणि एक आकडा ठरलेला असतो, त्या आकड्याइतक्या मेणबत्त्या. सिथूने एक, नऊ, आठ असा आकडा ठेवला. त्याला घाई होती, खाली कुणीतरी हॉर्न वाजवत होते. त्या घाईत माझा मूळचा कॅल्क्युलेटर काढायचे राहून गेले.

दोन वर्षे असेच चालले. सकाळी पूल ओलांडताना मी भोळा चेहरा करून चौकीवाल्यांच्या हातात जायचो. दुपारी चार वाजता, बाजार आवरून भांडी घासून झाली की ती आकडा टाकायची आणि वाट पाहायची. सिथूचा फोन यायचा. तो तोंड उघडायच्या आधीच ही विचारायची, "जेवलास का?"

"अमे, मला हॅलो तरी म्हणू दे."

"हॅलोनं पोट भरतं का?"

हे रोजचे होते. तिला ताप होता त्या दिवशीही तिने आधी हेच विचारले.

मग चौकीवर एक नवा अधिकारी आला. तिशीचा असेल. बोलायला मऊ होता, म्हाताऱ्या बायकांच्या टोपल्या स्वतः उचलून द्यायचा. त्याने मला दोनदा वरखाली सरकवून पाहिले.

"अमे, दोन-दोन कॅल्क्युलेटर? लाफे विकतेस की बँक चालवतेस?"

"एकावर माझा विश्वास नाही बाबा," ती म्हणाली. रांगेतल्या बायका हसल्या. तोही हसला.

"वार कोणता तुझा? माझ्या आईसारखी दिसतेस, म्हणून विचारलं."

"गुरुवार."

"बघ, तीही गुरुवारचीच. आणि मुलं किती?"

"एकच. मंगळवारचा. सिंहाचा वार, तसाच हट्टी आहे मेला. थायलंडला मासळीच्या कारखान्यात असतो."

आमच्याकडे वार विचारला तर माणसे नाव सांगावे तसे सांगून टाकतात. ती लपवायची गोष्ट आहे हे तिच्या मनातही आले नाही. पण तो अधिकारीही त्याच मातीतला होता, त्यानेही लहानपणी आईचे बोट धरून मेणबत्त्या मोजल्या होत्या. त्याने एकोणीस टाकले. मग आठ टाकला.

मी काय करणार, मित्रांनो? बरोबर आकडा पडला की उघडायचे, एवढेच मला शिकवले होते. तिचे लेकरू मी त्याच्या पुढ्यात उघडे करून ठेवले. त्याची लाज मला अजून वाटते.

रोज चारला फोन येतो हे त्यांना अ‍ॅपमध्ये दिसले, म्हणून चार वाजेपर्यंत त्यांनी तिला आतल्या खोलीत बसवून ठेवले. "मुलाचा फोन आला की म्हणायचं, मी आजारी आहे, उद्या घाटावर ये," अधिकारी म्हणाला. "एवढं म्हण आणि टोपली उचलून घरी जा."

चारला मी वाजलो. त्याने बटण दाबून मला तिच्या तोंडाशी धरले.

"अमे?" सिथू म्हणाला.

ती गप्प होती.

"अमे, आवाज येतोय का?"

शब्द तिच्या गळ्यापर्यंत आले होते, मी इतका जवळ होतो की मला ते कळले. तिने ओठ दाताखाली धरले. अधिकाऱ्याने तिचा दंड पिरगळला, तरी तिने हूं केले नाही.  मग पलीकडून फोन बंद झाला. अधिकाऱ्याने मला भिंतीवर आपटले, आणि उचलून पुन्हा टेबलावर टाकले.

तिला दोघे बाहेर नेऊ लागले. ती स्वतःशीच पुटपुटत होती, "रेंज गेली असेल असं वाटेल त्याला. मला बघायला येईल हा पोरगा. येईल, मला माहीत आहे."

आणि तेवढ्यात माझ्या फुटक्या काचेवर एक ओळ उमटली. समोरच्या व्यक्तीने आपले खाते काढून टाकले आहे. म्हणजे सिथूला कळले होते. टेबलापासून दार चार पावलांवर होते. मी उताणा पडलो होतो, उजळलेला होतो. तिने एकदा वळून पाहिले असते तर पुरे होते. पण ती पायांकडे बघत चालली होती.

या गोष्टीला पाच महिने झाले. सिथू तिला बघायला आला नाही. त्याचा माग लागला असता तर चौकीत बढाया ऐकू आल्या असत्या, तशा आल्या नाहीत. तिला मात्र कुठे नेले हे इथे कुणी बोलत नाही.

मित्रांनो, तुमचे फोन खुशाल नीटनेटके ठेवा. जे दुसऱ्याने पाहू नये ते आत ठेवा. पण त्याचा आकडा असा असू द्या, जो रांगेत उभ्या असलेल्या माणसाने मायेने विचारला तरी तुमच्या तोंडून निघणार नाही. आणि कधी, कुठल्याही गावात, दॉ म्या सेन नावाची बाई तुम्हाला भेटली, तर माझे एक काम करा. तिला सांगा, तो आला नाही.