चौदा दावी

"घ्या मामा, तुमची दावी," असं म्हणत गोरक्षनं ट्रकमधून एक मोटळं माझ्या पायाशी टाकलं.

मी ते सोडलं. चौदा दावी होती. परवा याच ट्रकमधून आम्ही चौदा जनावरं जामखेडहून राहुरीला पाठवली होती. दावी परत आली, जनावरं नाहीत.

"जनावरं कुठं हायेत?" मी विचारलं.

"राहुरीला. आनि कुठं?"

"मग दावी का आली?"

"त्यांनी दिली, मी आनली. तुमी बी मामा, फौजदारावानी इचारता." तो हसला आणि ट्रकखाली शिरून काहीतरी बघू लागला. मला वाटलं, तोंड चुकवतोय.

त्यातलं एक दावं हिरव्या लुगड्याच्या पट्ट्या घालून वळलेलं होतं. माझ्या बायकोनं, हन्नानं, ते चांदीसाठी वळलं होतं. चांदी ही म्हैस. आटलेली, एका डोळ्यानं आंधळी. कुणीतरी फाटकाशी बांधून गेलं होतं. हन्ना रोज भाकरीचा तुकडा घेऊन "ये गं बये" म्हणायची आणि म्हैस मान वर करायची. हन्नाला जाऊन पाच महिने झाले होते.

मी अकरा वर्षं जामखेडच्या जनावरांच्या आवारात कामाला होतो. टाकून दिलेली जनावरं तिथं येत. लोक पांजरपोळ म्हणत, पण पांजरपोळात मरणाची सुई देत नाहीत, आमच्याकडं देत. जनावर बरं होणार नसेल किंवा चारा संपला असेल, तर डॉक्टर सुई काढायचे. मान मी धरायचो. जनावर शांत झालं की दावं सोडायचं आणि वैरणीच्या खोलीत खिळ्यावर टांगायचं. ती भिंत भरली होती. मोकळं दावं म्हणजे काय, हे मला कुणी सांगायला नको होतं.

बाहत्तरचा दुष्काळ पडला आणि लोक खडी फोडायला जाताना जनावरं आमच्या दारात सोडू लागले. तेव्हा जामखेड, नगर आणि राहुरी अशा तीन ठिकाणच्या लोकांनी बसून ठरवलं, की दर सोमवारी एकमेकांना कळवायचं, कुणाकडं जागा आहे, कुणाकडं चारा. जिथं असेल तिथं जनावरं पाठवायची. डॉक्टर मला म्हणाले होते, "याकोब, आता सुई फक्त दुखण्याला. भुकेला नाही."

मला ते पटलं नव्हतं. आटलेली, आंधळी म्हैस कोण फुकट पोसतो? कातडं मात्र कुणालाही लागतं.

दावी घेऊन मी डॉक्टरांकडं गेलो. ते दुसऱ्या खेपेची दहा जनावरं निवडत होते.

"मी फाटक उघडनार न्हाई," मी म्हणालो.

"अरे, चार दिवसांची वैरण उरली आहे. पाठवली नाहीत तर मला सुई काढावी लागेल. मान धरशील?"

मी दावी त्यांच्या पायाशी टाकली.

"राहुरीची माणसं चांगली आहेत रे. काळजी करू नकोस."

हन्नाला नगरच्या दवाखान्यात नेलं, तेव्हा जीपवालाही असंच म्हणाला होता. परत आलं ते तिचं बोचकं.

"आधी डोळ्यांनी बघून येतो," मी म्हणालो. डॉक्टरांनी एक दिवस दिला.

हिरवं दावं पिशवीत घालून मी पहिल्या एसटीनं निघालो. राहुरीला उतरून विचारत विचारत गेलो. मुळेच्या काठाला एक लांब छप्पर होतं. एक बाई उसाचं वाढं टाकत होती. नाव मुक्ताबाई.

"जामखेडची जनावरं बघायचीत," मी म्हणालो. "मोजायचीत."

"मोजा की. लांबनं आलाय, आधी पानी घ्या."

"नगं."

मी मोजली. लंगडा बैल होता, दोन्ही गाई होत्या. तेरा भरली. पुन्हा मोजली. तेराच.

"म्हैस कुठं हाय?"

"कोन, आंधळी? तिची लई तऱ्हा..."

मी पिशवीतलं दावं काढून तिच्यापुढं धरलं. "हे परत का धाडलं?"

"का म्हंजी? देनाऱ्याचं दावं ठेवून घेत्यात व्हय? तुमच्या दावनीची बरकत तुमच्यापाशी ऱ्हावी म्हनून धाडलं. गोरक्षला सांगितलं हुतं मी, मामांना सांग म्हनून. त्यो मुडदा कशाला सांगतोय!"

"आमच्याकडं मोकळं दावं आलं, म्हंजी जनावर मेलं."

तिच्या हातातलं वाढं तसंच राहिलं.

"असं व्हय," ती हळू म्हणाली. "या माझ्यासंगं."

नदी आटली होती, पण खाली एक डोह होता. पाण्यावर शिंगं दिसत होती, नाकपुड्या आणि कपाळावरचा पांढरा ठिपका. बाकी सगळी म्हैस पाण्यात.

"आल्यापास्नं हितंच. सांजच्याला लई वढावं लागतंय. हाक मारा की, तुमची वळख असंल."

"चांदी," मी म्हणालो. तिनं मान हलवली नाही. दुसरी हाक मला ठाऊक होती. ती हन्नाची होती, तोंडातून निघाली नाही. मी आजवर जनावरांच्या फक्त माना धरल्या होत्या.

मग मुक्ताबाईला म्हणालो, "पानी द्या."

परतीच्या एसटीत कंडक्टरनं माझ्या हाताकडं बघितलं. "काय मामा, नुस्तं दावंच? जनावर कुठं हुकलं?"

"हुकलं न्हाई," मी म्हणालो. "पान्यात हाय."

तो हसला आणि पुढं गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटक मीच उघडलं. दहा जनावरं गोरक्षच्या ट्रकमध्ये चढवली. त्याला म्हणालो, "दावी आठवनीनं आन. एक बी ऱ्हायला नगं."

ट्रक गेल्यावर वैरणीच्या खोलीत गेलो. भरलेल्या भिंतीला हात लावला नाही. समोरच्या कोऱ्या भिंतीवर खिळे ठोकले आणि पहिल्या खिळ्यावर हिरवं दावं टांगलं.