वाळूच्या दहा बादल्या

एउफ्रोसिनाने दंडाची वही फिदेन्सियोसमोर आपटली, तसा त्याच्या पेल्यातला मक्याचा अतोले टेबलभर सांडला.

"मारिसेला मास्तरीण, दहा बादल्या वाळू. हे कुणी लिहिलं?"

"मीच. गेल्या रविवारी तेकियोला गैरहजर." गावाचा हा नवा कारकून बाहीने टेबल पुसत म्हणाला. "घरटी एक माणूस गावाच्या कामाला आलंच पाहिजे. नियम म्हणजे नियम, मावशी."

"नियम गावच्या घरांना! ती पाहुणी आहे, मुडद्या. तिचं नाव यादीत आलंच कसं?"

जुनी यादी उंदरांनी कुरतडली होती, म्हणून फिदेन्सियोने नळांच्या यादीवरून नवी उतरवली होती. ऑगस्टमध्ये गावाने मास्तरणीच्या खोलीपर्यंत नळ नेला होता. नळ आहे म्हणजे घर आहे, एवढाच त्याचा हिशेब. शुक्रवारी त्याने दंडाची चिठ्ठी स्वतः तिच्या हातात नेऊन दिली होती.

"खोड ते नाव. आत्ता, माझ्यासमोर."

त्याने खोडलं. एउफ्रोसिनाच्या जिवाची घालमेल मात्र थांबेना. गावसभेने हात वर करून शाळा समिती वर्षभरासाठी तिच्या गळ्यात बांधली होती. पाच वर्षांत चार शिक्षक आले आणि गेले. सहाही वर्ग एकाच खोलीत, म्हणून तर गाव दुसरी खोली बांधत होतं. तिची आठ वर्षांची नात रेइना आता कुठे वाचायला लागली होती. साबणाच्या वेष्टनापासून बसच्या पाटीपर्यंत दिसेल ते मोठ्याने वाचायची. आणि मारिसेलाला ओआहाका शहराजवळच्या शाळेने बोलावलं होतं. सोमवारपर्यंत कळवायचं होतं. फोन गावातल्या एकाच दुकानात, तेव्हा ही बातमी कोंबड्यांनाही ठाऊक होती.

माफी मागायला एउफ्रोसिना मास्तरणीच्या खोलीवर गेली. दार उघडं होतं. आत कुणी नव्हतं, पण खाटेवर बॅग होती, निम्मी भरलेली. मास्तरीण गाडीचं विचारायला गेली असणार, असं तिला वाटलं. फिदेन्सियोच्या नावाने बोटं मोडत ती गाडी थांबते तिकडे उतरू लागली आणि नदीच्या वळणावर थबकली.

मारिसेला गुडघाभर पाण्यात उभी राहून बादलीत वाळू भरत होती.

"अहो बाई, ठेवा ती बादली! आमची चूक झाली. नाव खोडायला लावलं मी."

मारिसेलाने कपाळावरचा घाम मनगटाने पुसला.

"खोडलं? का?"

"तुम्ही पाहुण्या. तुम्हाला कोण दंड करणार?"

"सात वर्षांत ही माझी पाचवी शाळा," मारिसेला म्हणाली. "सगळीकडे पहिली खुर्ची मला, जेवणात पहिला गरम तामालही मलाच. पण कामाला कुणी बोलावलं नाही, आणि मी दिसले नाही तर कुणी विचारलंही नाही. चिठ्ठी बघून आधी चिडलेच होते मी. मग वाटलं, रविवारी मी नव्हते हे कुणाच्या तरी लक्षात आलं."

एउफ्रोसिनाला आधीचे शिक्षक आठवले. त्या चौघांनाही गावाने असंच डोक्यावर घेतलं होतं, आणि पाहुण्यांसारखे ते चौघंही निघून गेले होते. तिला स्वतःचीच लाज वाटली.

"आणि ती बॅग?" तिने हळूच विचारलं.

"सकाळी भरायला घेतली होती." मारिसेला हसली. "पण दंड बाकी ठेवून कशी जाणार? सहा झाल्या, चार राहिल्या."

नदीपलीकडे नव्या खोलीच्या भिंती दिसत होत्या. मारिसेला तिकडेच बघत राहिली.

"पुढच्या रविवारी काय काम आहे?"

"पत्रे चढवायचे."

"मग माझं नाव परत लिहून घ्यायला सांगा."

एवढं बोलून तिने बादली उचलली. एउफ्रोसिनाने वाकून आत पाहिलं.

"थांब गं," ती म्हणाली. "अर्धी बादली आमच्यात धरत नाहीत. काठोकाठ भर."

मारिसेला मुकाट्याने पुन्हा वाकली. एउफ्रोसिनाचे हात शिवशिवत होते, पण तिने मदत केली नाही. दंड ज्याचा त्यानेच भरायचा, असा गावचा नियम होता.