कूलरसमोरचा अस्त

अमरावतीतल्या आमच्या अभ्यासिकेत जागा पुस्तकानं धरतात. पातळ पुस्तक कोणीही सरकवतं, जाड पुस्तकाला कोणी हात लावत नाही. नियम कोणी केला माहीत नाही, पण तिथे पाळला जाणारा तेवढा एकच आहे.

माझी जागा कूलरसमोर. वयाच्या हिशेबानं ही माझी शेवटची स्पर्धा परीक्षा, आणि मे महिन्यात ती जागा गेली की अभ्यास संपला. तसा तो तिथेही होत नव्हता. वाऱ्यानं पानं उडायची, आणि ती उडू नयेत म्हणून मी त्यांच्यावर डोकं ठेवायचो.

बहिणीच्या लग्नाला दर्यापूरला जायचं होतं. माझं गाइड पानं गळून कृश झालेलं. म्हणून शेजारच्या खुर्चीवरच्या फरदीनला घेऊन जुनी पुस्तकं विकणाऱ्या कुर्बानचाचांकडे गेलो. त्यांच्याकडे संस्कृतींच्या इतिहासाचे दोन भाग होते. ‘उदय’ बोटभर, ‘अस्त’ विटेएवढा. असं कसं, म्हणून विचारलं.

“उभं राहाले काय लागते,” चाचा म्हणाले. “पडालेच टाइम लागते, बाप्पा.”

मी अस्त घेतला. फरदीननं उदय घेतला, आणि तोही वाचायला. मी त्याला समजावून पाहिलं.

लग्न उरकून परत आलो तेव्हा माझं पुस्तक जिथल्या तिथे होतं. कूलर नव्हता. बादल्या वाहून कंटाळलेल्या शेषरावकाकांनी, म्हणजे आमच्या शिपायांनी, तो पलीकडच्या भिंतीशी, नळाजवळ नेला होता. फरदीनचं पातळ पुस्तक लोकांनी एका खुर्चीवरून दुसरीवर सरकवत त्याच भिंतीला लावलेलं. तो आता गार वाऱ्यात, दोन्ही हातांनी पानं दाबून बसला होता.

“ये पिंटू, अर्धी खुर्ची देतो तुले,” तो म्हणाला. “पण तो धोंडा तिथंच राहू दे.”

विचार करतो म्हणालो. खरं तर रात्रभर वरातीत नाचून तिथवर चालायचाही कंटाळा आला होता. माझ्याच जागेवर बसलो आणि अस्त पहिल्यांदा उघडला. पहिल्याच पानावर एका नदीनं पात्र बदललं होतं, आणि काठावरचे लोक ती परत येईल म्हणून बसून होते.

हे परीक्षेत येणार नव्हतं. पण वारा नव्हता, पानं उडत नव्हती. घाम पुसला आणि पुढचं पान उलटलं.